फिरंगी कोण?

(मालवण येथे गिरणी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

गिरणी कामगार बंधूंनो, मायबहिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

अध्यक्षांनी मला अर्धा तास दिला आहे. कामगाराच्या पोराला वेळ मोजून मिळायची सवय असते. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. तेव्हा तुम्ही भोंगा वाजवा, मी थांबतो. (हशा)

मी इथलाच, मालवणचा. धर्माने ख्रिस्ती. माझा बाप परळच्या गिरणीत साचेखात्यात होता. आता मी ऐंशीत आलो आहे. एवढ्या वर्षांत एक प्रश्न माझ्या पाठीमागून गेला नाही. कधी तो आगगाडीत विचारला जातो, कधी कचेरीत, कधी निवडणुकीच्या सभेत. प्रश्न असा, "तुम्ही मराठी कसे? तुम्ही तर फिरंग्यांचे!" आणि आपल्या मालवणीत कोणीतरी हळूच म्हणतं, "हे खंयचे रे?"

आज मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे. हे उत्तर माझ्या घराण्याचं नाही. ते गोव्याच्या सत्याग्रहाचं आहे, आणि तो सत्याग्रह आपल्या उंबऱ्यावरून गेला, बांद्यावरून गेला, तेरेखोलवरून गेला. त्यात आपल्या आजच्या झगड्यालाही एक धडा आहे. म्हणून ऐका.

रविवार कुणाचा?

आधी तुमच्या-माझ्या घरातली एक गोष्ट. गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. ती मालकाने खुशीने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक माणसाने १८८४ साली कामगारांची सभा उभी केली, अर्जांवर कामगारांच्या सह्या गोळा केल्या, आणि सहा वर्षं पाठपुरावा करून ती मिळवली. रविवारच का मागितला? लोखंडे म्हणत, रविवार हा खंडोबाचा वार.

आता बघा. त्याच रविवारी माझा बाप सकाळी इगर्जेत मिसेला जायचा. त्याच खोलीतले त्याचे सोबती जेजुरीच्या देवाला हात जोडायचे. सुटी एक, देव दोन. पण ज्या माणसाने ती मिळवून दिली, त्याने कुणाच्या घरी खुरीस आहे आणि कुणाच्या घरी टाक आहेत, हे विचारलं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

सालाझारचा कावा

१९४७ साली इंग्रज गेला. फ्रेंचाने १९५४ साली पाँडिचेरी सोडली. पोर्तुगीज मात्र हलेना. लिस्बनला सालाझार नावाचा हुकूमशहा बसला होता. त्याने १९५१ साली आपली घटनाच बदलली आणि म्हणाला, गोवा ही आमची वसाहत नाहीच मुळी, तो आमच्या देशाचा सागरापलीकडचा प्रांत आहे! म्हणजे चोराने घरात शिरावं आणि सातबारावर आपलंच नाव चढवावं, तशातली गत. (हशा)

गोव्यात तेव्हा सभा घेता येत नव्हती, पक्ष काढता येत नव्हता. छापखान्यातून निघणारा प्रत्येक कागद आधी तपासनिसाच्या डोळ्याखालून जायचा. लग्नाची पत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे.

पण सालाझारची खरी खेळी वेगळीच होती. तो जगाला सांगत सुटला की गोवा ख्रिस्ती आहे, ख्रिस्ती म्हणून तो पोर्तुगीज आहे, आणि भारतातून येणारे सत्याग्रही म्हणजे ख्रिस्ती धर्मावर चालून येणारे हिंदू आहेत. वास्तविक गोव्यात तेव्हाही हिंदूंची संख्या ख्रिस्त्यांपेक्षा जास्त होती. पण खोटं बोलायचं तर मोठं बोलावं, हा हुकूमशहांचा जुना धंदा. १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियरला जाऊन चारशे वर्षं झाली. जुन्या गोव्यात त्याचं शव दर्शनाला मांडलं. भाविक भक्तिभावाने लांबलांबून आले. सरकारने मात्र त्या संतालाही आपल्या राज्याचा रखवालदार करून टाकलं.

कामगार बंधूंनो, यातली मेख ओळखा. ज्याची सत्ता डळमळते तो धर्माच्या मागे लपतो. गिरणीत संप मोडायला मालकाने हेच केलं आहे. या जातीच्या कामगाराला त्या जातीच्या कामगारावर सोडायचं, या खात्याला त्या खात्यावर. मग आपण आपसांत डोकी फोडतो आणि त्याच्या साच्यांवर कापड सुखाने विणलं जातं.

जबाब कुणी दिला?

या खोट्याला जबाब कुणी द्यायचा? हिंदूने दिला असता तर सालाझार म्हणाला असता, बघा, मी सांगत नव्हतो? जबाब ख्रिस्त्यानेच द्यायला हवा होता. आणि तो दिला.

चांदरचा त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा याने १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापली. १९४४ साली त्याने पुस्तिका लिहून गोमंतकीयांना आरसा दाखवला की परक्या राज्याने तुमचं मन कसं परकं केलं आहे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भाषणाला उभे राहिले आणि पकडले गेले. त्यांना गोव्यात बोलावणारा, आपल्या घरी उतरवून घेणारा आणि त्यांच्याबरोबर पकडला जाणारा माणूस होता डॉ. ज्युलियांव मिनेझीस. त्याच वर्षी कुन्हांना धरलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची सजा दिली आणि थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. ते पोर्तुगालातून निसटून १९५३ साली मुंबईला आले, आणि २६ सप्टेंबर १९५८ ला मुंबईतच वारले. गोवा सुटलेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

आणि मग आला १५ ऑगस्ट १९५४. रविवार होता. आम्हा ख्रिस्त्यांत १५ ऑगस्ट हा सायबिणीचा, म्हणजे मारिया मातेच्या स्वर्गारोहणाचा सण. देशाचा स्वातंत्र्यदिन आणि मातेचा सण एकाच दिवशी. त्या दिवशी भारत सरकारने गोमंतकीय नसलेल्या सत्याग्रह्यांना सरहद्दीवरच अडवलं. पुढे गेल्या त्या फक्त गोमंतकीयांच्या तीन छोट्या तुकड्या. त्यांचे म्होरके कोण, ऐका. आल्फ्रेड आफोन्सो, अँथनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस. तिघेही ख्रिस्ती. (टाळ्या)

आफोन्सोची तुकडी गेली तेरेखोलच्या किल्ल्यावर. तेरेखोल तुम्हाला सांगायला नको. शिरोडा, रेडी ओलांडली की खाडीच्या मुखाशी तो किल्ला. नदीच्या आपल्या अंगाला, पण मालकी पोर्तुगीजांची. मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्याच्या आत सांत आंतोनीची इगर्ज आहे. हातात हत्यार नसलेली मूठभर माणसं आत शिरली आणि किल्ल्यावर तिरंगा चढवला. दुसऱ्या दिवशी त्यांना पकडून कैदेत टाकलं. पण एक दिवसभर सांत आंतोनीच्या इगर्जेवर तिरंग्याची सावली पडली. सालाझारच्या शंभर भाषणांना तो एक दिवस पुरून उरला. बाकीच्या दोन तुकड्या बांद्याकडून आणि कारवारकडून गेल्या. त्यांचीही तीच गत झाली.

शिरोडा म्हटलं की आणखी एक आठवण द्यायला हवी. मे १९३० मध्ये त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर लोक मूठभर मीठ उचलायला गेले आणि लाठ्या खाल्ल्या. म्हणजे आपल्या किनाऱ्याला हा मार्ग नवा नव्हता. मिठाचा सत्याग्रह ज्या वाळूवर झाला, त्याच वाळूवरून चोवीस वर्षांनी तेरेखोलची वाट गेली.

इगर्ज काय करत होती?

कुणी विचारील, मग पाद्री काय करत होते? खरं सांगतो, लपवत नाही. गोव्यातले बरेच पाद्री गप्प बसले. वरचे धर्माधिकारी लिस्बनच्या मर्जीतले होते. काही ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीजांच्या नोकरीत होती, ती त्यांच्याच बाजूची राहिली. काही हिंदूही त्यांच्याच चाकरीत होते. भीती आणि भाकर यांना धर्म नसतो.

पण दुसरी बाजूही आहे. भारताच्या हद्दीतले जे ख्रिस्ती गोव्याच्या धर्मपीठाखाली होते, त्यांच्यासाठी १९५३ साली बेळगावचं वेगळं धर्मप्रांत झालं. म्हणजे रोमनेच सांगून टाकलं की भारतातल्या ख्रिस्त्याला गोव्याच्या पोर्तुगीज दाराशी उभं राहण्याची गरज नाही. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोमला बारावे पायस पोप यांना भेटले आणि बाहेर येऊन त्यांनी जगाला सांगितलं, गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धर्माचा नाही, हे पोपनाही मान्य आहे. सालाझारच्या ढालीला तिथंच तडा गेला. आज आपल्या जिल्ह्यालाही स्वतःचं धर्मप्रांत आहे. ते २००५ साली झालं, आणि त्याची मुख्य इगर्ज सावंतवाडीला आहे.

बांद्याचा तो सोमवार

आता १९५५ कडे येतो. १८ मे ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी निघाली. जुलैत मधू लिमये गेले. गोऱ्यांना, लिमयांना मार बसला, मोठमोठ्या सजा झाल्या, आग्वादच्या तुरुंगात ते १९५७ पर्यंत होते. त्या वेळी नॅशनल काँग्रेस गोवाचा अध्यक्ष होता पीटर आल्व्हारिस, तोही ख्रिस्ती आणि तुमच्यासारखाच कामगार चळवळीतला. पुढे रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेचा तो सरचिटणीस झाला, आणि १९६३ साली गोव्यातून लोकसभेवर गेला.

१५ ऑगस्ट १९५५, सोमवार. मी दहा वर्षांचा. आई मला घेऊन बांद्याला मामाकडे सणाला आली होती. तेव्हाचं बांदा म्हणजे सगळा देश एका गावात उतरलेला. पंजाबी, बिहारी, मध्य प्रदेशातले, कानडी, आपले घाटावरचे. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. पाऊस मुसळधार. घरोघरी पेज शिजत होती. आमच्या मामीनेही मोठं भांडं चुलीवर चढवलं होतं. आदल्या रात्री आई गुडघ्यांवर बसून तेर्स म्हणत होती, आणि ओटीवर सत्याग्रही भजन म्हणत होते. मला दोन्हींतला फरक तेव्हा कळला नाही. आता कळतो, पण तो फार मोठा वाटत नाही.

सकाळी आई मिसेला गेली आणि ते लोक पत्रादेवीच्या वाटेला लागले. हातात झेंडा, दुसरं काही नाही. दुपारी बातमी आली, गोळीबार झाला. त्या दिवशी गोव्याच्या सगळ्या सीमा मिळून तीन हजारांवर सत्याग्रही आत शिरले होते. वीसहून अधिक माणसं ठार झाली, दोनशेच्यावर जखमी. पत्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली. पंजाबचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल पुढे आला, छाती उघडी केली, आणि तिथंच पडला. पनवेलचे हिरवे गुरुजीही त्या दिवशी हुतात्मे झाले. पंजाबचा शीख, मध्य प्रदेशची बाई, पनवेलचा गुरुजी! यातला कोण गोव्याचा होता? कोणीच नाही. आणि सगळेच होते.

जखमी लोक बांद्याला आणू लागले. पट्ट्या पुरेनात. आईची एक पांढरी चादर होती, मिसेला जाताना अंगावर घ्यायची. लग्नातली. तिने ती पेटीतून काढली आणि टराटरा फाडली. मी म्हटलं, "आये, ही देवाची मा?" ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "देवाक चादर कित्याक व्हयी रे? हेंका व्हयी."

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण धर्म म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढं पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्यात भर पडली नाही.

बापाचा पेला

त्याच दिवशी मुंबईत माझा बाप होता. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. सगळे आपल्याच मुलखातले. ख्रिस्ती तो एकटाच. धोबीतलावच्या कुडात त्याला गोयंकारांबरोबर राहता आलं असतं. तिथं गावागावाची कुडं होती, प्रत्येकात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तेर्स. पण बाप म्हणायचा, माझा गाव मालवण, मी मालवणकारांतच राहणार.

संध्याकाळी गोळीबाराची बातमी खोलीत आली. माणसं खवळली. कुणीतरी म्हणालं, "हे फिरंगी मेले!" आणि बापाचा पितळी पेला पाण्याच्या पिंपाजवळून उचलून दाराबाहेर ठेवला गेला. कुणी ठेवला, बापाने पाहिलं नाही. त्याने पेला उचलला नाही, की भांडणही काढलं नाही. रात्री तो पाण्यावाचून झोपला.

दुसऱ्या दिवशी मुंबईत कडकडीत हरताळ. बाप दंडाला काळी फीत बांधून खोलीतल्या सगळ्यांबरोबर मिरवणुकीत गेला. रात्री परत आला तेव्हा पेला पिंपाजवळ, बाकीच्या पेल्यांत होता. कोणी माफी मागितली नाही. बापानेही कोण तो, हे कधी विचारलं नाही. त्याच खोलीत तो आणखी वीस वर्षं राहिला.

मला हे त्याने मरायच्या वर्षी सांगितलं. मी चिडलो. म्हटलं, "तू त्याला जाब का नाही विचारलास?" तो म्हणाला, "विचारला असता तर एक माणूस हरला असता. नाही विचारला, म्हणून सगळी खोली सुधारली."

पेत्राची तलवार

आता मुद्द्यावर येतो. ही सहनशक्ती येते कुठून? बुळेपणातून येते का? नाही!

आमच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. ख्रिस्ताला पकडायला रात्री शिपाई येतात. त्याचा पट्टशिष्य पेत्र तलवार उपसतो आणि एका चाकराचा कान उडवतो. ख्रिस्त काय करतो? शाबास म्हणतो का? तो पेत्राला तलवार म्यान करायला सांगतो, आणि त्या चाकराचा कान बरा करतो. पण लक्षात घ्या, तो पळूनही जात नाही. माफीनामाही लिहून देत नाही. न्यायासनापुढे ताठ उभा राहतो.

यात तीन गोष्टी आहेत, आणि त्या तिन्ही गोव्याच्या वाटेवर दिसल्या. पहिली, समोरचा शिपाई हाही कुणाचा तरी चाकर आहे. त्याचं वैर नको, त्याच्या धन्याच्या जुलमाचं वैर हवं. दुसरी, मारायचं नाही, पण मागे हटायचंही नाही. तिसरी, जे केलं ते उजेडात करायचं, आणि त्याची किंमत स्वतः मोजायची. गांधीजींनी डोंगरावरचं प्रवचन वाचलं होतं आणि त्यांनी हेच उचललं. त्याला कुणी अहिंसा म्हणतो, कुणी क्षमा म्हणतो, वारकरी शांती म्हणतो. माल एक, छाप वेगळा.

"लष्करानेच सोडवला ना?"

इथं तरुण मंडळी मला अडवतात. म्हणतात, "काका, गोष्ट छान आहे, पण गोवा सुटला तो १९६१ साली लष्कराने. सत्याग्रहाने काय झालं? माणसं मेली, सरकारने सरहद्द बंद केली, आणि सहा वर्षं गोवा तिथंच!"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ देतो. खरंच, १९५५ नंतर सरकारने सत्याग्रह थांबवला. खरंच, डिसेंबर १९६१ मध्ये फौज गेली, आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा त्याला लिस्बनचा हुकूम होता. त्याने तो मानला नाही. का? फौज थोडी होती, हे खरं. पण ज्या गोव्यासाठी मरायचं, तो गोवाच त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. हे कुणी घडवलं? कुन्हांनी, आफोन्सोने, पत्रादेवीच्या रक्ताने. फौज जमीन घेते. माणसांची मनं आधीच कुणीतरी मिळवलेली असावी लागतात.

आणि आणखी एक नाव ऐका. लिबिया लोबो. गोव्याची ख्रिस्ती मुलगी, शिकलेली. वामन सरदेसायांबरोबर तिने नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त रेडिओ चालवला. कुठून? आपल्या आंबोलीच्या रानातून! नंतर तो कॅसलरॉकला नेला. सहा वर्षं पाऊस, जळवा, साप, अंधार. बंदुकीची गोळी नाही, फक्त आवाज. सालाझारचं प्रत्येक खोटं दुसऱ्या दिवशी खोडून काढायचं. गोवा सुटल्यावर विमानातून ध्वनिक्षेपकाने ती बातमी गोमंतकीयांना दिली, तीही या दोघांनीच. पुढे त्यांचं लग्न झालं. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. (टाळ्या) आंबोलीला धबधबा बघायला जाता ना पोरांनो? पुढच्या वेळी दोन मिनिटं त्या रानाकडेही बघा.

हुतात्म्यांची यादी

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसं गेली. त्यांत गिरणगावचे किती होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. फ्लोरा फाउंटनला आज हुतात्मा चौक म्हणतात. ती यादी कधी सावकाश वाचा. त्यात सीताराम बनाजी पवार आहे, धर्माजी गंगाराम नागवेकर आहे. आणि त्याच यादीत जोसेफ डेव्हिड पेजारकर आहे, के. जे. झेवियर आहे, पी. एस. जॉन आहे, एडवीन आमब्रोझ साळवी आहे. कोण देवळात जाणारा, कोण इगर्जेत, कोण आणखी कुठे, याची चौकशी गोळीने केली नाही. मग आपण कशाला करतो?

मराठीचं म्हणाल तर, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने आपलं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते १६१६ साली छापून निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक याच भाषेत देवाशी बोलले. भाषा ही कुणा एका धर्माची वतनदारी नाही.

आणि एक कडू घोटही गिळू या. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. आपल्यातल्या पुष्कळांना वाटत होतं, गोवा महाराष्ट्रात यावा. कौल विरुद्ध गेला. आपण तो मानला. १९८७ साली गोव्याचं वेगळं राज्य झालं, तेही मानलं. ज्याला शांततेने मागायचं आहे, त्याला शांततेने 'नाही' ऐकताही आलं पाहिजे. आज बांद्याहून पत्रादेवीला जाताना कोणी गोळी घालत नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या जत्रेला आणि फेस्ताला जातात. हा पराभव असेल, तर असे पराभव मला आणखी चालतील.

आजची वाट

शेवटचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, जमिनीवर उंच इमारती आल्या. कामगार मात्र गावाकडे परत आला, नाही तर मुंबईत कुठंतरी कोपऱ्यात राहिला. घराचे अर्ज भरून हजारो म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या आहेत. कितीजण वाट बघतच गेले.

परवा एका बैठकीत एक तरुण म्हणाला, "आजोबा, दगड घेतल्याशिवाय सरकार जागं होत नाही." त्याचा राग मला कळतो. त्याचा आजा माझ्या बापाच्या शेजारच्या साच्यावर होता. पण मी त्याला सांगतो आणि तुम्हालाही सांगतो: तुझ्या हातात दगड आला की त्याचं काम सोपं झालं. मग घराचा प्रश्न बाजूला पडतो आणि दगडाचा खटला उभा राहतो. आणि दगड फेकणाऱ्यांत फूट पाडायला फार वेळ लागत नाही. हा ख्रिस्ती, तो मुसलमान, हा घाटी, तो कोकणी, हा वारस खरा, तो खोटा!

म्हणून मोर्चात जा, हजारोंनी जा. कागद नीट ठेवा, हजेरीकार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, जे असेल ते. म्हातारीला हाताला धरून न्या. पोलीस समोर आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याचाही बाप कदाचित गिरणीत होता. बसायचं म्हटलं की बसा, उठायचं नाही. आणि आपल्या रांगेत कुणाचा पेला बाहेर ठेवला गेला, तर तो आत घ्या. त्याने मागण्याआधी घ्या.

साच्यावर ताणा उभा असतो आणि बाणा आडवा. दोन्ही एका दिशेने धावले तर कापड होत नाही, हे तुम्हाला मी काय शिकवणार? तुम्ही जन्मभर तेच विणलंत.

फिरंगी कोण, असा प्रश्न घेऊन मी आलो होतो. जो माणसामाणसांत भिंत घालून त्याआड आपली सत्ता राखतो, तो फिरंगी. मग त्याचं नाव काहीही असो, देव कोणताही असो. आणि जो आपली चादर फाडून परक्याची जखम बांधतो, तो या मातीचा.

देव बरें करूं. जय महाराष्ट्र! गिरणी कामगारांची एकजूट चिरायू होवो!

(टाळ्यांचा कडकडाट)